खोडरबर चावणारी मुलगी

पत्र थोडक्यात: ताई, सोळा महिन्यांपूर्वी आमची धाकटी लेक आजारपणात गेली. सहा वर्षांची होती. तेव्हापासून रात्री दोन-तीनपर्यंत जागून तिच्यावर गोष्टी लिहितो. अकरा झाल्या. लहान मुलांसाठी पुस्तक काढायचंय, तिच्या नावानं. बायको मात्र मी वाचायला लागलो की उठून जाते. नऊ वर्षांचा मुलगा एक गोष्ट ऐकून म्हणाला, "ती अशी नव्हतीच. माझे खोडरबर चावायची, ते का नाही लिहिलं?" एका प्रकाशकानं 'फार दुःखद आहे' म्हणून हस्तलिखित परत पाठवलं, तेव्हा ती पुन्हा गेल्यासारखं वाटलं. माझं काही चुकतंय का?
— एक बाबा

दादा,

लिहिताय यात चूक कसली? पण तुमच्या लेकानं एका वाक्यात जे सांगितलं, ते भल्याभल्या संपादकाला जमलं नसतं.

पत्रासोबत पाठवलेल्या तिन्ही गोष्टी वाचल्या. तिन्हींत एक शहाणी मुलगी आहे, ती पाखराला पाणी पाजते, मित्राची समजूत काढते आणि शेवटी चांदणी होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे खरं. पण सहा वर्षांच्या पोरीनं खोडरबर चावलं यात वाईट काय? चांदणी झालेली मुलगी कुणाचीही असेल. दातांचे ठसे असलेलं खोडरबर तुमच्याच घरात सापडणार.

आणि पत्रात सही करून झाल्यावर, कोपऱ्यात, तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय: 'ती मुद्दाम बूट उलटे घालायची. विचारलं तर म्हणायची, आज पायांनी जागा बदलल्यात.' अहो, या तिन्ही गोष्टींत हे कुठेच कसं नाही? तुमचं पुस्तक या ओळीत आहे.

छापील कागदाच्या घड्यांमुळे पुस्तकाची पानं आठ-सोळाच्या पटीत होतात, म्हणून चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं. मजकूर पाचशे शब्दांच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी. तेवढ्यात अकरा गोष्टी मावत नाहीत, एक मावते: पायांनी जागा बदलल्या, मग त्या दिवशी काय काय उलटंपालटं झालं? मोठ्यानं वाचून बघा, जीभ अडखळली की शब्द काढा. जे चित्रात दिसणार ते लिहू नका. ऐकणारं चार-पाच वर्षांचं पोर तुमच्या लेकीला ओळखत नाही, ओळखायचं कारणही नाही. ते खुदकन हसलं आणि 'परत वाच' म्हणालं, की झालं. तिचं नाव अर्पणपत्रिकेत शोभेल.

मुलांच्या पुस्तकात मृत्यू नकोच, असं मी म्हणत नाही. ब्रिटिश लेखक मायकेल रोझेन यांचा मुलगा एडी १९९९ मध्ये अचानक आजारानं गेला, अठरा वर्षांचा. त्या दुःखावरचं त्यांचं चित्रपुस्तक आलं २००४ मध्ये, क्वेंटिन ब्लेक यांच्या चित्रांसह. त्यात बापानं 'मला दुःख झालंय' हे सरळ सांगितलंय. तुम्हालाही कधी तसं लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, फक्त 'ती झोपी गेली' असं लिहू नका. लहान मुलं शब्दाला धरून चालतात आणि मग रात्री डोळे मिटायला घाबरतात. 'मेली' हा शब्द तुमच्या हातून उतरायला जड जाईल. उतरत नसेल तर ते पुस्तक अजून तयार नाही, एवढंच.

त्या अकरा गोष्टी फाडू नका. त्या घरच्या आहेत. हव्या तर चार-पाच प्रती छापून बांधून ठेवा. प्रकाशकाकडे त्या मात्र पाठवू नका. हस्तलिखितं परत येतच असतात, चांगल्या चांगल्यांची येतात. पण प्रत्येक नकार तुम्हाला तिलाच दिलेला नकार वाटणार असेल, तर हा धंदा तुम्हाला सोसायचा नाही. बुटांची गोष्ट परत आली तर परत आलेली गोष्ट असेल, लेक नसेल.

आता वहिनींचं. त्या उठून जातात म्हणजे त्यांचा विरोध आहे, असं धरून चालू नका. तुम्हाला बोलून हलकं वाटतं, त्यांना कदाचित ऐकूनच गुदमरतं. वाचायचा आग्रह सोडा. विचारायचं ते एकच: नाव छापलेलं चालेल का? त्या नाही म्हणाल्या तर नाव कुठेच छापू नका, अर्पणपत्रिकेतही नाही; माझा मघाचा सल्ला सोडून द्या. नाव दोघांनी मिळून ठेवलं होतं ना?

एक गोष्ट मात्र खटकली. सोळा महिने रात्री तीनपर्यंत जागरण हे लेखन कमी आणि न झोपण्याची सोय जास्त वाटते. लिहा, पण दिवसा. आणि शोकाचं काम करणाऱ्या समुपदेशकाला एकदा भेटाच. पुस्तक हातात आलं की शांत वाटेल, अशी आशा तुमच्या पत्रात जागोजागी दिसते. पुस्तकावर एवढं ओझं टाकू नका, ते बिचारं ३२ पानांचं आहे.

बुटांच्या गोष्टीचा पहिला खर्डा मुलालाच ऐकवा. काय काय उलटं झालं, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल. आणि खोडरबर गोष्टीत घेणार असाल, तर आधी त्याची परवानगी घ्या. ते त्याचं होतं.

— ताई