लॉन्गआर्म क्विल्टिंग मशीन जड चालतं, मधेच अडकतं. सर्व्हिसिंगला द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मशीन डावीकडून उजवीकडे नेताना जोर लावावा लागतो, मधेच ठेच लागल्यासारखं होतं, गोल काढायला गेलं की त्याला कोपरे येतात, आणि दुकानवाले म्हणतात मशीन घेऊन या. इतक्यात नेऊ नका. दुकानात जाईल ते मशीनचं डोकं. रूळ आणि फ्रेम तर तुमच्या घरीच राहणार. मी ओहायोत बेसमेंटमध्ये १२ फुटी फ्रेमवर लोकांची क्विल्ट्स शिवून देते. आजवर जड चालण्याची जी जी कारणं मला सापडली, त्यातली बहुतेक एकतर खाली चाकांत आणि रुळांत होती, नाहीतर वर ताणलेल्या कापडात.

हे मशीन वापरलं नसेल अशांसाठी थोडक्यात सांगते. घरच्या शिलाई मशीनवर गोधडी शिवताना आपण कापड सरकवतो. इथे कापड फ्रेमवर बांधलेलं असतं आणि मशीनच चाकांवरून फिरतं. मशीन कॅरेजवर, म्हणजे खालच्या चाकं असलेल्या गाड्यावर, पुढे-मागे जातं, आणि कॅरेज मशीनला घेऊन टेबलाच्या रुळांवर डावी-उजवीकडे जातं. म्हणजे आडवं नेताना मशीनबरोबर कॅरेजचंही वजन ढकलायचं असतं. त्यामुळे आडवी चाल उभ्या चालीपेक्षा थोडी जड लागणारच, तो बिघाड नाही. पण हा फरक फार वाढला, की हात एका दिशेला सहज जातो, दुसरीकडे रेटावा लागतो, आणि गोलाचे कोपरे होतात ते यामुळेच.

आधी क्विल्ट पूर्ण काढा. प्लग काढा, चॅनल लॉक (मशीनला एकाच दिशेत अडकवून ठेवणारे) सुटलेत ना ते बघा, आणि कॉम्प्युटरवर चालणारं असेल तर मोटरचे पट्टे मोकळे करा. आता हँडल मुठीत न धरता दोन बोटांनी मशीन या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश न्या. घाई करू नका, वेगात ठेच कळत नाही. ती कुठे लागते त्यावरून पुढचं सगळं ठरतं.

दर वेळी टेबलाच्या एकाच जागी अडकत असेल तर दोष रुळात आहे. लांब फ्रेमचे रूळ तुकड्यांत येतात. सांध्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर चाकही अडकणार. सांध्याचे स्क्रू सैल करून दोन्ही तुकडे एका पातळीत आणा आणि परत आवळा. पुढचा आणि मागचा रूळ समांतर आहेत का तेही टेपने मोजा. डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला अंतर एकच हवं. कमी-जास्त असेल तर एका टोकाला चाकं रुळाच्या कडेला घासतात आणि तिथेच जड लागतं.

ठेच ठरावीक अंतराने येत असेल तर दोष चाकात. चाकाचा व्यास २ इंच असेल तर त्याचा एक फेरा साधारण सव्वासहा इंचांचा. दर सव्वासहा इंचांनी धक्का बसला, तर कुठल्यातरी चाकाला काही चिकटलंय किंवा चाक एका बाजूने चपटं झालंय. एखादं चाक अडकून बसलंय का हेही बघायला प्रत्येक चाकावर पेनाने एक ठिपका काढा आणि कॅरेज हातभर सरकवा. ज्याचा ठिपका जागचा हलला नाही, ते चाक फिरतच नाहीये, नुसतं घसटत चाललंय.

मग टॉर्च घेऊन खाली बसा. चाक आणि ब्रॅकेट यांच्या फटीत, आसाभोवती, दोरा गुंडाळला गेलेला असतो. तो इतका घट्ट बसतो आणि धुळीने इतका काळा पडतो की जुन्या वॉशरसारखा दिसतो, त्यामुळे कुणी तिकडे लक्ष देत नाही. सीम रिपरचं, म्हणजे शिवण उसवायच्या हत्याराचं, टोक घालून तो कापा आणि चिमट्याने ओढून काढा. रूळ रबिंग अल्कोहोलने पुसा. चाकं मात्र नुसत्या ओलसर फडक्याने पुसा, काही जातींच्या प्लास्टिकला अल्कोहोल चालत नाही.

आणि कृपा करून चाकांना, रुळांना तेल देऊ नका. शिलाई मशीन म्हटलं की आपला हात तेलाच्या बुधलीकडे जातो, पण तेल हवं ते हुकला, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाला. चाकांचं बेअरिंग सहसा बंद असतं, तेल आत जातच नाही; ते बाहेर राहतं आणि कापसाची लव त्यात कालवून रुळावर चिकट थर बसतो.

सगळीकडेच सारखं जड लागत असेल, किंवा हात सोडल्यावर मशीन आपोआप एका बाजूला जात असेल, तर पाणसळ आणा. बेसमेंटच्या फरशीला बऱ्याचदा ड्रेनच्या दिशेने उतार असतो, आणि कार्पेट असेल तर फ्रेमचे पाय हळूहळू रुततात. आडवं, उभं, दोन्ही टोकांना आणि मध्ये, सगळीकडे पाणसळ लावा. दोन्ही टोकांना सोडलेलं मशीन मधे येऊन थांबत असेल, तर फ्रेम मधोमध खचली आहे; मधले पाय उंच करा. पाय फिरवून झाले की त्यांचे नट आवळायला विसरू नका.

टाके सारखे पडावेत म्हणून मशीन किती सरकलं ते मोजणारा सेन्सर असतो, तो एन्कोडर. त्याचं छोटं चाक स्प्रिंगने रुळावर दाबलेलं असतं. दाब जास्त झाला तर ते ब्रेकसारखं धरतं, कमी झाला तर घसरतं आणि टाके लहान-मोठे येतात. हात छान सरकतोय पण टाके मात्र असमान येतायत, असं असेल तर एन्कोडर आणि त्याची वायर बघा, रुळांत वेळ घालवू नका.

क्विल्ट काढल्यावर मशीन सुरळीत चालतंय आणि चढवली की जड होतंय? मग कापड फार ताणलं आहे. खालून एक बोट वर दाबा आणि दुसऱ्या हाताने ते वरून कापडासकट चिमटीत धरून बघा. पहिल्या पेरापर्यंत धरता आलं पाहिजे. ढोलासारखं ताणायची सवय बहुतेकांना असते, ती सोडा. हॉपिंग फूट (सुईबरोबर वर-खाली होणारा दाबपाय) फार खाली असेल तर तोही जाड बॅटिंगवर, म्हणजे आतल्या भरावावर, घासत जातो. शिवून झालेल्या भागाची गुंडाळी वाढत गेली की कापड मशीनच्या तळाला टेकायला लागतं, तेव्हा ती गुंडाळी ज्यावर असते तो टेक-अप रोलर थोडा वर घ्या. बाजूच्या क्लिपा आणि लोंबणाऱ्या वायरीही एकदा नजरेखालून घाला.

एवढं करूनही एखादं चाक बोटाने फिरवताना आत खरखर जाणवली, तर बेअरिंग गेलंय. तेव्हा एकच चाक बदलू नका, त्याच रुळांवर चालणारी चारही एकदम बदला. नवं चाक झिजलेल्या तिघांपेक्षा किंचित मोठं असतं, कॅरेज एका कोपऱ्यावर डुगडुगायला लागतं आणि ठेच परत सुरू होते.