मदर इंडियाची डीव्हीडी घेताय? आधी शेवटचं पाणी बघा

तुम्ही विचारलंय की आईला पंच्याहत्तरीला मदर इंडियाची डीव्हीडी द्यायचीय, दोन ठिकाणी सापडली, एकीवर १७२ मिनिटं लिहिलंय आणि दुसरीवर १६५, मग एकीत सीन कापलेत का आणि कुठली घ्यावी. पिक्चर तुमचा बघितलेला आहे म्हणताय त्यामुळे शेवटाबद्दल मोकळेपणाने लिहितो.

त्या सात मिनिटांनी अजिबात घाबरू नका. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या PAL पद्धतीची डीव्हीडी २५ ने, त्यामुळे अख्खा पिक्चर जरा भरभर पळतो आणि १७२ चे १६५ होतात, सीन एकही जात नाही. फक्त आवाज चढतो, अर्ध्या सुराहून थोडा कमी, लता, मीना आणि उषा तिघी बहिणींचं 'दुनिया में हम आये हैं' ज्यांच्या कानात पक्कं बसलंय त्यांना ते जाणवतं, बाकीच्यांना नाही. पण १५० च्या आत काही लिहिलेलं असेल तर घेऊ नका, तिथे गाण्यांवरच कात्री चाललेली असते, आणि नौशादची बारा गाणी आहेत यात, ती काढली तर गोष्टीचा श्वासच जातो.

माझ्यासाठी खरा प्रश्न रंगाचा आहे. हा पिक्चर गेवाकलर नावाच्या रंगीत फिल्मवर शूट झाला आणि थिएटरच्या प्रिंट टेक्निकलर या दुसऱ्या रंगपद्धतीने निघाल्या, फरदून इराणींचा कॅमेरा, माती, बैल, पिकलेलं शेत, होळी, सगळं रंगावर उभं आहे. जुनी कलर प्रिंट उतरली की निळा आणि हिरवा आधी जातो आणि सगळं गुलाबी-तांबूस दिसायला लागतं, आणि तसल्या प्रिंटवरून डिस्क काढली की शेवट मेलाच म्हणून समजा. म्हातारी राधा, म्हणजे नर्गिस, कालव्याचं उद्घाटन करते, तिला तिचा मुलगा बिरजू आठवतो आणि कालव्याचं पाणी लाल होऊन शेतात जातं. आता अख्खा पडदाच आधीपासून तांबूस असेल तर ते पाणी लाल झालेलं कळणार कसं? आईनेच पोटच्या पोराला गोळी घातलीय, ते रक्त त्या पाण्यात आहे, तेवढं एक दिसलंच पाहिजे.

माझ्याकडे आधी व्हीसीडी होती, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची साधी व्हिडिओ सीडी, तीन डिस्कची, कारण एका डिस्कवर ऐंशीच मिनिटं मावतात, आणि चित्र फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. आमची आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई, तिला लावून दिली तर राधा पोरांना घेऊन नांगर ओढते तिथे चिखल, साडी, तोंड सगळा एकच डाग. पुराचा सीन तर अडकून अडकून चालला. नंतर बरी डीव्हीडी मिळाली तेव्हा तोच नांगराचा सीन आला आणि आई उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, म्हणाली, "हिच्या हाताला माती खरी लागलीय गं बाई." बहिणीला म्हणाली ती. मग गाणं संपेपर्यंत कोणी काही बोललं नाही.

अजून एक, कव्हरवर वाइडस्क्रीन लिहिलेलं दिसलं तर ती घेऊ नका. सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा पिक्चर, हिंदीत आला १९५९ ला, हा पिक्चर १९५७ चा, जवळजवळ चौकोनी फ्रेमचा. टीव्ही भरावा म्हणून वरून खालून कापतात तेव्हा चित्राचा चौथा हिस्सा जातो. वरून घेतलेला एक शॉट आहे बघा, माणसं उभी राहून हिंदुस्तानचा नकाशा होतो, अखंड हिंदुस्तानचा, त्याचं डोकं आणि पाय गेले तर राहिलं काय. घरी लावताना पण टीव्हीच्या सेटिंगमधे जाऊन पिक्चर साइझ चार बाय तीन करा, बाजूला काळे पट्टे येतील ते येऊ द्या, नाहीतर नर्गिसचं तोंड ताणून रुंद दिसतं.

सबटायटल आईला नकोच असतील, पण नातवंडं बसणार असतील तर गाण्यांनाही आहेत का ते बघा, बऱ्याच डिस्कवर फक्त संवादांना असतात. आणि एका बैठकीत तीन तासांचा हट्ट धरू नका, मधे चहा घ्या. कन्हैयालालचा सावकार सुखीलाला बघून आई चिडणारच, १९४० च्या औरतमधे पण सुखीलाला त्यानेच केला होता, दिग्दर्शक मेहबूब खाननी स्वतःचाच तो पिक्चर मदर इंडिया म्हणून परत केला तेव्हा या एका माणसाला बदलला नाही, हे आईला नक्की सांगा.

तर १६५ वाली घ्या की १७२ वाली, मला दोन्ही चालतील. आली की गिफ्ट पेपरमधे बांधायच्या आधी स्वतः शेवटची पाच मिनिटं लावून बघा. शेताचा हिरवा हिरवा दिसला आणि पाणी त्यात लाल होताना दिसलं तर ठेवा, नाही दिसलं तर मुदत आहे तोवर परत करून टाका आणि दुसरी मागवा.