चार पायांचा रणगाडा का दिसत नाही?

प्रश्न: देवळालीत तोपखान्याच्या गाड्या बघतच मोठा झालोय, आता मेकॅनिकल डिप्लोमा करतोय. पट्ट्यांऐवजी चार पायांवर चालणारं अवाढव्य लढाऊ वाहन खरंच बनू शकतं का? खर्च किती येईल? – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर: बनतं रे, पण लढाईत टिकत नाही, आणि पैशाच्या आधी जमीनच आडवी येते. निफाडकडे पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेला ट्रॅक्टर बघितला असशील, आता हिशोब कर. 50 टनांचं वाहन रुंद पट्ट्यांवर असलं की दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो भार येतो, तेच मीटर बाय मीटरच्या चार पावलांवर ठेव, चालताना एक पाय वर, मग तिघांवर पावणेदोन किलोच्या आसपास, आणि दोनच पाय असले तर एक उचलल्यावर सरळ 5 किलो, त्यात पाऊल आपटल्याचा दणका वेगळा. शिवाय उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, पायाचा क्रॉस सेक्शन (आडव्या छेदाचं क्षेत्रफळ) मात्र चौपटच, म्हणजे पायावरचा ताण दुप्पट.

प्रयत्न झालेत. 1960च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने अमेरिकन आर्मीसाठी चार पायांचा ट्रक बनवला, तो चाललाही, पण चारही पाय ड्रायव्हरने स्वतःच्या हातापायांनी हलवायचे, माणूस पंधरा मिनिटांत गळून जायचा. आज ते काम कॉम्प्युटर करेल, पण पाय हलवणाऱ्या हायड्रॉलिकचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचं काय? नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी होतो त्या शॉपमध्ये एकदा प्रेसचा होज (तेलाची नळी) फुटला, तेलाचा फवारा पार पत्र्यापर्यंत गेला, खाली सगळं निसरडं, अख्खी शिफ्ट पुसण्यात गेली. आणि तो प्रेस जागेवर उभा होता, त्याच्यावर कोणी गोळे टाकत नव्हतं! इथे तर प्रत्येक सांध्याला सिलिंडर, सील, होज. पट्टा तुटला तर रणगाडा थांबतो आणि तोफ तरी चालते, पाय तुटला तर सगळंच आडवं.

खर्चाचा अंदाज असा घे, 2018ला तुझ्या देवळालीतच दाखल झालेली के-9 वज्र, म्हणजे पट्ट्यांवर स्वतः चालणारी तोफ, अशा 100 तोफांचं कंत्राट साधारण 4,500 कोटींचं, म्हणजे एक 45 कोटींच्या घरात, तेही पट्ट्यांचं तंत्र शंभर वर्षं घासूनपुसून तयार असताना. पायांचं सगळं नव्याने करावं लागेल, त्यामुळे कितीतरी पट जाईल असं माझं स्पष्ट मत आहे.

पाय लहान यंत्रांना शोभतात. जानेवारी 2025मध्ये पुण्यात आर्मी डे परेडला रोबोटिक म्यूल, म्हणजे चार पायांचे छोटे रोबो चालले, डोंगरात सामान न्यायला ते कामाचेच. तुला खरंच यात शिरायचंय तर प्रोजेक्टला एकच पाय बनव, वर वजन ठेवत जा आणि ओल्या काळ्या मातीत किती रुततो ते पट्टीने मोज.