वाचकांचे प्रश्न : जगाच्या नकाशावर सोयाबीन

प्रश्न : औसा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवते. आमच्या भागात खरिपात सोयाबीनच अधिक, म्हणून हे पीक जगात कोठे किती होते ते शाळेच्या वेबपानावर नकाशात दाखवावे असे मनात आहे. देशावर बोट ठेवले की आकडा दिसावा, एवढीच अपेक्षा आहे. एका माजी विद्यार्थ्याने ‘वेब कंपोनंट’ करण्यास सुचवले आहे. ते मला जमेल का?

उत्तर : एचटीएमएलची (वेबपान लिहिण्याच्या भाषेची) तोंडओळख आणि थोडे जावास्क्रिप्ट येत असेल तर जमेल. वेब कंपोनंट म्हणजे आपण स्वतः घडवलेला टॅग, म्हणजे पानाचा एखादा भाग सांगणारी खूण; त्याच्या नावात संयोगचिन्ह असावेच लागते, म्हणजे ब्राउझरच्या मूळ टॅगशी त्याची गल्लत होत नाही. नकाशाची रेखाकृती, रंग भरण्याचा नियम आणि आकडा दाखवणारी चौकट हे सारे त्या टॅगच्या पोटात राहते. पुढे कापसाचा नकाशा हवा झाला, तर तोच टॅग घेऊन आकडे तेवढे बदलायचे. नेहमीच्या सर्व ब्राउझरांत ही सोय असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. पालक पान मोबाइलवरच उघडतील, तेव्हा आकडा माउस फिरवल्यावर नव्हे, तर स्पर्श केल्यावर दिसेल असे करावे.

नकाशा एसव्हीजी, म्हणजे रेषा व आकारांनी बनलेल्या चित्राच्या, स्वरूपात घ्यावा. त्यात प्रत्येक देश हा एक स्वतंत्र आकार असतो आणि त्याला आयएसओ ३१६६ या मानकातील दोन अक्षरी संकेत ओळख म्हणून देता येतो, जसे भारतासाठी ‘आयएन’ आणि ब्राझीलसाठी ‘बीआर’. आकडे आणि आकार यांची गाठ या संकेतानेच घालावी, देशाच्या नावाने कधीही घालू नये, कारण एका तक्त्यात तुर्कस्तान असतो तर दुसऱ्यात तुर्किये. अर्थात संकेतांतही खाचखळगे आहेतच. नामिबियाचा संकेत ‘एनए’ असल्यामुळे काही संगणकीय साधने तो ‘नोंद नाही’ असा वाचून अख्खा देश गाळतात. आणि नॅचरल अर्थ या मुक्त नकाशासंचाच्या अनेक आवृत्त्यांत फ्रान्स व नॉर्वे यांच्या संकेताच्या रकान्यात खऱ्या संकेताऐवजी ‘उणे ९९’ असते. हे दोन देश नकाशावर कोरे दिसले, तर दोष आपल्या कोडात शोधत बसू नये.

आकडे अन्न व कृषी संघटनेच्या फाओस्टॅट या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तेथे चीन आणि मुख्यभूमी चीन अशा वेगळ्या नोंदी असतात, शिवाय जग आणि खंड यांच्या बेरजाही असतात. चीनची एकच नोंद ठेवावी आणि बेरजा आधी काढून टाकाव्यात.

माझ्या मते खरा निर्णय कोडाचा नाही, कोणता आकडा रंगवायचा याचा आहे. एकूण उत्पादन रंगवले तर ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना गडद होतील, पण अवाढव्य देशाचा रंग डोळ्यांत भरतो तो बराचसा त्याच्या आकारमानामुळे. एकूण आकडा दाखवायचाच असेल तर त्या प्रमाणात वर्तुळे काढावीत. रंग भरण्यासाठी हेक्टरी उत्पादन घ्यावे : भारतात ते साधारण एक टन आहे आणि ब्राझीलमध्ये तीन टनांहून अधिक. औशाच्या मुलांनी हा फरक नकाशावर पाहिला की ‘असे का’ हा प्रश्न ती स्वतःच विचारतील, आणि तास तेथूनच सुरू होईल. ज्या देशाचा आकडा उपलब्ध नाही त्याला फिकट रंग देऊ नये, करडा द्यावा. ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मर्केटर प्रक्षेपणही (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची एक पद्धत) टाळावे. त्यात सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटरचे ग्रीनलंड जवळपास ३३ लाखांच्या भारतापेक्षा कितीतरी मोठे दिसते. २०१८ साली मांडलेले ‘इक्वल अर्थ’ हे प्रक्षेपण क्षेत्रफळाचे प्रमाण राखते.

भारताची सीमा मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी. परदेशी नकाशासंचांत जम्मू-काश्मीर व लडाखची सीमा बहुधा ताब्यानुसार दाखवलेली असते, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत नकाशा प्रसिद्ध केल्यास १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमात शिक्षेची तरतूद आहे. नॅचरल अर्थमध्ये भारताच्या भूमिकेनुसार सीमा असलेली स्वतंत्र फाइलही मिळते. ती फार तपशीलवार असल्याने मॅपशेपर या मोफत साधनात हलकी करून घ्यावी आणि सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून मगच वापरावी.

शाळेत इंटरनेटचा भरवसा नसेल, तर आकडे वेगळ्या फाइलमध्ये न ठेवता पानातच लिहावेत, कारण संगणकावरील पान डबल क्लिक करून उघडले असता ब्राउझर शेजारची फाइल वाचू देत नाही.

प्रश्न : मी परभणीत कृषी पदवीचे शिक्षण घेत आहे. अशाच नकाशासाठी सर्व देशांची नावे मराठीत टाइप करावी लागतील का?

उत्तर : नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल डिस्प्लेनेम्स’ नावाची सोय आहे. तिला मराठी भाषा आणि देशाचा संकेत दिला की ती नाव मराठीत परत देते. संकेत दोन अक्षरीच असावा. जागतिक बँकेच्या तक्त्यांत तीन अक्षरी संकेत असतात आणि ते येथे चालत नाहीत. याच कुळातील ‘नंबरफॉरमॅट’ आकडे देवनागरीत आणि लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह देते. काही नावे पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळी येतील. तेवढ्यांचीच छोटी यादी कंपोनंटमध्ये ठेवावी आणि नाव देताना कंपोनंट आधी ती यादी पाहील असे करावे.