महागडा ‘ऑडिओफाइल’ फ्यूज लावल्याने ॲम्प्लिफायरचा आवाज सुधारतो का?

नाही. दुकानदार नऊ हजारांचा ‘ऑडिओफाइल’, म्हणजे आवाजाच्या शौकिनांसाठीचा, फ्यूज घ्या म्हणतोय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण याच विषयावरून माझं आणि माझ्या साडूंचं चांगलंच वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साडू हौशी. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर सेकंडहँड ॲम्प घेतला, पुरुषभर उंचीचे स्पीकर घेतले. मग कुणीतरी त्यांच्या गळ्यात सोनेरी टोप्यांचा फ्यूज मारला. त्यावर चक्क बाण छापलेला. “बाणाची दिशा बघून लावा हं,” असं मला फोनवरच बजावलं. मी दुरुस्तीवाला माणूस, तापकीर गल्लीत पार्ट शोधण्यात हयात गेली. भिंतीतून येते ती एसी, ५० हर्ट्झ. सेकंदाला शंभर वेळा करंट उलटतो. बाण दाखवायचा कुणाला? तर म्हणाले, “तुम्ही आधी ऐका, मग बोला.”

झाकण उघडलं. फ्यूजच्या क्लिपा काळ्या पडलेल्या, त्यातली एक इतकी सैल की फ्यूज बोटाने गरागरा फिरत होता. ॲम्पच्या पाठीवर स्पष्ट छापलंय: टी (म्हणजे सावकाश उडणारा) २.५ अँपिअर. साडूंनी आणलेला ४ अँपिअरचा! विकणाऱ्याने सांगितलं म्हणे, जरा वरचा घ्या, आवाज मोकळा होतो. मी लावायला साफ नकार दिला. ट्रान्सफॉर्मर जळण्याआधी आपण जळायचं, एवढंच फ्यूजचं काम. तेच त्याच्याकडून काढून घेतलं तर त्याला ठेवायचा कशाला? बरीच बाचाबाची झाली, शेवटी त्यांनी तो बदलून २.५ चा आणला.

तोवर मी क्लिपा बारीक पॉलिश पेपरने घासल्या, क्लीनर मारला, नोज प्लायरने आवळल्या, खालचा ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) पुन्हा मारला. मग त्यांचा फ्यूज बसवला. आधी आवाज चढवला की मध्येच चर्र व्हायचं, तबल्याच्या बायावर थाप पडली की सगळंच दबायचं. ते थांबलं. साडू डोळे मिटून म्हणाले, “तानपुऱ्याची जवारी बघा कशी सुटी ऐकू येतेय.” मी त्याच क्लिपांत जुना दहा रुपयांचा फ्यूज घालून पाहिला. काडीचा फरक नाही. पण त्यांच्या लेखी सगळं श्रेय सोनेरी टोप्यांचं. माझ्याबद्दल नातेवाइकांत सांगतात, “त्यांचे कान दुरुस्तीवाल्याचे.”

अहो, गाणं त्या फ्यूजमधून जातच नाही. तिथून जाते वीज. ती ट्रान्सफॉर्मरला, मग ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा), मग मोठे फिल्टर कपॅसिटर (ती डीसी सपाट करणारे), आणि मग कुठे सर्किट. २.५ अँपिअरच्या फ्यूजचा रेझिस्टन्स ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा (भिंतीकडच्या गुंडाळीचा) काही ओहम. डीपीपासून तुमच्या सॉकेटपर्यंत साधीच वायर आलेली असते. शेवटच्या २० मिलिमीटरला सोनं लावून काय होणार?

काही जुन्या ॲम्पमध्ये स्पीकरच्या लाइनमध्येही फ्यूज असतो, तिथे मात्र गाणं खरंच त्यातून जातं. जोरदार बासला आतली तार तापते, निवते, रेझिस्टन्स वर-खाली होतो आणि डिस्टॉर्शन मीटरवर मोजता येतं. पण तिथेही टोप्या सोनेरी असून उपयोग नाही, तापते ती तार. आणि फ्यूजवर ‘एच’ लिहिलं असेल तर वाळू भरलेला सिरॅमिकच घाला. तो १५०० अँपिअरचा शॉर्ट सुरक्षित तोडतो. ‘एल’वाला काचेचा ३५ अँपिअर किंवा स्वतःच्या रेटिंगच्या दहापट, यातलं जे जास्त असेल तेवढाच. हा प्रश्न आगीचा आहे, आवाजाचा नाही.

तरी खात्री करायचीच असेल तर फ्यूज दुसऱ्या कुणाला तरी बदलू द्या (प्लग काढून, कपॅसिटरमधला चार्ज उतरू देऊन). कुठला लावलाय ते तुम्हाला कळता कामा नये, व्हॉल्यूमला हात लावायचा नाही, आणि लावणाऱ्याने खोलीबाहेर थांबायचं, नाहीतर चेहऱ्यावरून कळतं. साडूंना हे कितीदा सुचवलं. म्हणतात, संगीत म्हणजे काय प्रयोगशाळा आहे? नाही ना? मग ‘फरक पडला’ हे तरी कशाच्या जोरावर सांगत फिरता?

नऊ हजार खर्चायचेच असतील तर जाड गालिचा आणि पडदे घ्या. त्याआधी स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढून बघा, त्याला पैसेही पडत नाहीत. साडूंचे अजून शोकेसशेजारी कोपऱ्यात कोंबलेत, कारण मेव्हणीला हॉलमध्ये अडचण नको. बास घुमतो म्हणून ते आता पॉवर केबल बदलायच्या विचारात आहेत.