खासदारसाहेबांचं डिमॅट खातं

आमदार-खासदारांनी शेअर बाजारात व्यवहार करावेत का, आणि केले तर ते कुणाला सांगावेत, यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केलेत. अमुक एका पक्षाला झोडपून काढा, अशी गळ घालणारी पत्रं बाजूला ठेवली.

प्रश्न : मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना सारखी शेअर खरेदी-विक्री केली तर वर्तणूक नियमांचा बडगा बसायचा. आमदार-मंत्र्यांना हे नियम नाहीत का? (सांगली)

नाहीत, आणि तुमची तक्रार रास्त आहे. राज्याचे १९७९चे वर्तणूक नियम काय, केंद्राचे १९६४चे काय, कर्मचाऱ्याने सट्टा करायचा नाही असं दोन्हीकडे बजावलंय. वारंवार केलेली खरेदी-विक्री हा सट्टाच धरला जाईल, असा खुलासाही केंद्राच्या नियमांत आहे. मार्च २०२३मध्ये केंद्राने आयएएस, आयपीएस आणि वनसेवेतल्या अधिकाऱ्यांना आणखी एक फर्मान काढलं : वर्षभरातले शेअर व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा जास्त झाले, तर कळवा. आमदाराने मात्र सकाळी इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात घेऊन विकायचा सौदा, केला आणि दुपारी सभागृहात जाऊन त्याच कंपनीच्या धंद्यावर भाषण ठोकलं, तरी त्याने सौदा केव्हा केला हे विचारणारं कुणी नाही.

मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे. धंद्याच्या व्यवस्थापनातून बाहेर पडा, मालमत्तेचा तपशील दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत पंतप्रधानांना किंवा मुख्यमंत्र्यांना द्या, वगैरे. पण तिला कायद्याचं बळ नाही. शिवाय पब्लिक लिमिटेड कंपन्यांमधल्या शेअर्सबाबत तिने हात सैल सोडलाय. ही गुंतवणूक कामाच्या आड येईल असं पंतप्रधानांना किंवा मुख्यमंत्र्यांना वाटलं, तरच मंत्र्याने काही करायचं. म्हणजे तलाठ्याला लेखी नियम आणि मंत्र्याला साहेबांची मर्जी.

प्रश्न : उमेदवार शपथपत्रात शेअर जाहीर करतातच की. मग अडलंय कुठे? आणि ते वाचायचं कसं? (पुणे)

सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३मध्ये निकाल दिले म्हणून आज हे शपथपत्र आपल्या हाती आहे, हे आधी मान्य करू. या शपथपत्राचा अर्ज म्हणजे नमुना २६. तो उघडा आणि जंगम मालमत्तेच्या तक्त्यात तिसऱ्या ओळीवर या. रोकड, मग बँकेतल्या ठेवी, मग रोखे, शेअर आणि म्युच्युअल फंड. आडवे रकाने स्वतःचा, पती किंवा पत्नीचा, हिंदू अविभक्त कुटुंबाचा आणि अवलंबितांचे. या ओळीत बऱ्याचदा नुसती एकूण रक्कम असते आणि पुढे ‘सोबतचे परिशिष्ट पाहा’. खरा मजकूर तिथे असतो. कंपनीचं नाव, शेअर किती, किंमत किती. लोक पहिल्या पानावरची एकूण संपत्ती वाचून थांबतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीचे शेअर बाजारभावाने दाखवायचे असतात, अनलिस्टेड कंपनीचे हिशेबाच्या वह्यांतल्या किमतीने. त्यामुळे घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे शेअर कागदावर एक लाखाचे दिसले, तरी त्या कंपनीच्या नावावर काय काय आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समजा, एका उमेदवाराकडे २०१९च्या शपथपत्रात एका साखर कंपनीचे १० हजार शेअर आहेत आणि २०२४च्या शपथपत्रात एकही नाही. मधल्या काळात इथेनॉलचं धोरण बदललं, निर्यातीवर बंदी आली, भाव वरखाली झाले. त्याने शेअर बंदीच्या आदल्या आठवड्यात विकले की दोन वर्षं आधी? शपथपत्र यावर गप्प आहे, कारण ते फक्त अर्ज भरण्याच्या सुमाराची स्थिती सांगतं. किती शेअर आहेत हे आपल्याला कळतं. कधी घेतले आणि कधी विकले, हे कळत नाही. नैतिकतेचा सगळा प्रश्न तर त्या तारखेत आहे.

खासदाराने शपथ घेतल्यावर ९० दिवसांत सभापतींकडे किंवा अध्यक्षांकडे मालमत्तेचं विवरण द्यायचं, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७५अ सांगतं. पण ते विवरण मतदारासाठी उघडं नसतं आणि आमदारांना हे कलम लागूच नाही.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे नियम खासदाराला का लागू होऊ नयेत? (नाशिक)

लागू होतात. सेबी ही शेअर बाजाराची नियामक संस्था. तिच्या २०१५च्या नियमांप्रमाणे भावावर परिणाम करणारी, जाहीर न झालेली माहिती ज्याच्याकडे आहे तो इनसायडर. मग तो संचालक असो, चार्टर्ड अकाउंटंट असो की खासदार. या नियमांत लोकप्रतिनिधीला सूट दिलेली नाही.

घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. नियमांना अभिप्रेत असलेली माहिती कंपनीबद्दलची किंवा तिच्या शेअरबद्दलची असते : तिमाही निकाल, विलीनीकरण, लाभांश. खासदाराच्या कानावर येतं ते वेगळं असतं. स्थायी समितीच्या मसुद्यात एखाद्या क्षेत्रावर निर्बंध सुचवलेत, अमुक विधेयक या अधिवेशनात येणार नाही, खात्याचा सचिव समितीपुढे काय बोलला. समितीचं कामकाज अहवाल सभागृहात मांडेपर्यंत गोपनीय असतं, म्हणजे बाहेरच्याला ते कळायची सोय नाही. ही माहिती एका कंपनीची नसून दहा कंपन्यांची असते. नियमात ‘थेट किंवा आडून’ असा शब्दप्रयोग आहे, त्यामुळे ती ओढूनताणून बसवता येईल. पण खासदाराला ती त्या दिवशी माहीत होती, हे सिद्ध करताना सेबीच्या नाकीनऊ येतील. तुम्ही लघुप्रबंधासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या. यात काम भरपूर आहे आणि गर्दी कमी.

प्रश्न : आमच्याकडे अमेरिकेत काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, सदस्यांचे सौदे ॲपवर दिसतात, लोक त्यांची नक्कल करून पैसे लावतात. भारताने हेच आणावं का? (न्यू जर्सी)

तुमच्याकडचा स्टॉक ॲक्ट ४ एप्रिल २०१२ रोजी ओबामांच्या सहीने आला. काँग्रेसच्या सदस्याने एक हजार डॉलरवरचा प्रत्येक सौदा जास्तीत जास्त ४५ दिवसांत जाहीर करायचा. नेमकी रक्कम नाही, टप्पा सांगायचा. उशीर झाला तर दंड २०० डॉलर! लाखो डॉलरचे सौदे करणाऱ्याला हा दंड म्हणजे किरकोळ खर्च. तरीही मला तो कायदा आपल्यापेक्षा दहा पावलं पुढचा वाटतो, कारण त्यात तारीख आहे.

रिचर्ड बर यांचं प्रकरण आठवून पाहा. सिनेटच्या गुप्तचर समितीचे ते अध्यक्ष. १३ फेब्रुवारी २०२० या एका दिवसात त्यांनी ३३ सौदे करून ६ लाख २८ हजार ते १७ लाख २० हजार डॉलरचे शेअर विकले. आठवडाभरात कोविडच्या भीतीने बाजार कोसळायला लागला. आपण सीएनबीसी वाहिनीच्या आशियातून येणाऱ्या जाहीर बातम्यांवरून निर्णय घेतला, असं त्यांचं म्हणणं होतं. चौकशा झाल्या, अध्यक्षपद सोडावं लागलं, खटला मात्र झाला नाही. गंमत म्हणजे २०१२मध्ये सिनेटने स्टॉक ॲक्ट ९६ विरुद्ध ३ मतांनी संमत केला, तेव्हा विरोधातल्या तिघांत बर होते. त्याच कायद्याखाली भरलेल्या अर्जामुळे ते पकडीत आले.

तुरुंगात गेले ते काँग्रेस सदस्य ख्रिस कॉलिन्स, पण त्यांची वाट वेगळी होती. एका ऑस्ट्रेलियन औषध कंपनीचे ते संचालक होते. २२ जून २०१७च्या संध्याकाळी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर खासदारांची सहल रंगली होती. तिथेच औषधाची चाचणी फसल्याची ई-मेल आली आणि कॉलिन्स यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने शेअर विकायला काढले. बातमी फुटल्यावर भाव ९२ टक्के पडला. कॉलिन्स यांनी गुन्हा कबूल केला, २६ महिन्यांची शिक्षा झाली आणि डिसेंबर २०२०मध्ये ट्रम्प यांनी माफीही दिली. ते सापडले ते संचालक म्हणून. हीच बातमी त्यांना एखाद्या समितीच्या खोलीत कळली असती, तर खटला इतका सरळ उभा राहिला नसता.

नक्कल करणाऱ्यांसाठी एक सूचना. १९९०च्या दशकातले सिनेटर बाजारापेक्षा खूप जास्त कमावत होते, असा निष्कर्ष २००४च्या एका गाजलेल्या अभ्यासात निघाला होता. पण २००४ ते २००८ या काळावरच्या पुढच्या अभ्यासात काँग्रेस सदस्यांचे पोर्टफोलिओ बाजाराच्या मागेच पडलेले दिसले. शिवाय ४५ दिवसांपूर्वीच्या सौद्यामागे आज धावणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणं.

प्रश्न : ४ जून २०२४ला, लोकसभा निकालाच्या दिवशी झालेल्या पडझडीत माझे पैसे बुडाले. नेत्यांनी ‘शेअर घ्या’ म्हणावं का? (ठाणे)

म्हणू नये. मे महिन्यातल्या मुलाखतीत अमित शहा यांनी ४ जूनच्या आधी खरेदी करा, बाजार वर जाईल, अशा अर्थाचं विधान केलं. पंतप्रधानही निकालानंतरच्या उसळीबद्दल बोलले. मतदानोत्तर चाचण्यांनंतर सोमवारी, ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला, मंगळवारी ४,३९० अंशांनी आपटला आणि शुक्रवारी पुन्हा नव्या उच्चांकावर बंद झाला. राहुल गांधींनी याला घोटाळा म्हणत संयुक्त संसदीय समिती मागितली, भाजपने आरोप फेटाळला. शपथपत्रं पाहिली तर राहुल आणि शहा दोघांकडेही शेअर आहेत, मोदींच्या शपथपत्रात शेअर नाहीत. त्या दिवसांत कुणी काय घेतलं-विकलं, हे दाखवणारा जाहीर कागद आपल्याकडे अस्तित्वातच नाही. तो असता तर आरोप तरी टिकला असता, नाहीतर ज्याच्यावर झाला तो चार दिवसांत मोकळा झाला असता. आता दोन्ही बाजूंना फक्त पत्रकार परिषदा उरल्या.

प्रश्न : बाजाराच्या भानगडीत आपल्याकडे कुणी खासदारकी गमावली आहे का? (गिरगाव, मुंबई)

गमावली आहे, आणि प्रकरण तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचं आहे. १९५१च्या हंगामी संसदेत एच. जी. मुदगल हे मुंबईचे सदस्य होते. ऑप्शनचे सौदे, मुद्रांक शुल्क अशा व्यापाऱ्यांच्या प्रश्नांवर संसदेत प्रश्न विचारायचे, दुरुस्त्या मांडायच्या, मंत्र्यांच्या भेटी घडवायच्या आणि त्यासाठी बॉम्बे बुलियन असोसिएशन या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घ्यायचे, असा त्यांच्यावर आरोप होता. मुदगल सत्तारूढ काँग्रेसचेच, तरी नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा ठराव मांडला. समितीने दोषी धरलं. हकालपट्टीचा ठराव मंजूर होण्याआधी मुदगल यांनी राजीनामा दिला, तर सभागृहाने त्या राजीनामापत्राचाही निषेध केला. समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णमाचारी. हेच पुढे अर्थमंत्री झाले आणि आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याच्या प्रकरणात, छागला आयोगाच्या अहवालानंतर १९५८मध्ये त्यांनाच पायउतार व्हावं लागलं.

त्यानंतर जे झालं त्यातही मराठी माणूस आहे. १९९७मध्ये राज्यसभेने नीतिमत्ता समिती नेमली, तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव चव्हाण. आज राज्यसभेत नियम २९३खाली सदस्यांच्या हितसंबंधांचं रजिस्टर आहे. पण शेअर्सबाबत त्यात नोंद करायची ती नियंत्रण राहील एवढ्या हिश्शाची. बड्या बँकेचे दोन-चार कोटींचे शेअर असले तरी ते कुठलं नियंत्रण! ते गळतात. लोकसभेत असं रजिस्टरही नाही.

प्रश्न : माझा भाचा विधानसभा लढवायच्या तयारीत आहे. त्याच्या डिमॅटमध्ये बारा-पंधरा कंपन्या आहेत, काही त्याच्या बायकोच्या नावावर. त्याने काय करावं? सगळं विकायचं? (कोल्हापूर)

सगळं विकायला कायदा सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. शेअर घेऊच नका म्हटलं तर पैसा जमिनीत जातो, आणि रिंगरोड कुठून जाणार हे आमदाराला आधी कळतं. शेअरच्या सौद्याची निदान काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरची लेखी नोंद, तरी असते.

अर्ज भरायच्या आधी डिपॉझिटरीचं, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचं, एकत्रित स्टेटमेंट काढा, आपलं आणि पत्नीचं. पत्नीच्या नावावरचे शेअर शपथपत्रात यायलाच हवेत, त्यात पळवाट नाही. सज्ञान, कमावता मुलगा किंवा भाऊ अवलंबितांत धरत नाहीत. तिथे पळवाट आहे, तिचा मोह धरू नका. राज्य सरकारच्या कंत्राटांवर जगणारी एखादी कंपनी यादीत असेल तर ती निवडणुकीआधीच विका. बाकीचे शेअर हळूहळू इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे पैसे लावणाऱ्या फंडात, वळवा. निवडून आल्यावर त्या फंडात ठरावीक रकमेची एसआयपी चालू ठेवा, एकेका कंपनीचे शेअर घेणं बंद. जे राहतील त्यांचा प्रत्येक सौदा महिन्याच्या आत तारखेसकट स्वतःहून जाहीर करा. ज्या समितीवर नेमणूक होईल तिच्या क्षेत्रातल्या कंपनीत हात घालू नका. आणि ब्रोकरला आजच लेखी कळवा की यापुढे फोनवर ऑर्डर घ्यायची नाही, पीएने सांगितली तरी नाही.