सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली, तुमचे दहा दिवसही संपले

सोलापूरच्या एका ताईंचा मेल आलाय. नाव, कॉलेज, कोर्टाचा नंबर सगळं गाळून सांगतो. नवरा पुण्याला, ताई दोन वर्षांपासून माहेरी, पोटगीचा अर्ज चालू. मधल्या काळात ताईंनी इथल्याच एका अनुदानित कॉलेजात एमएला ॲडमिशन घेतली. जानेवारीत मामेसासऱ्यांनी त्या कॉलेजात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की या बाईंचा प्रवेश अर्ज, त्याला जोडलेले कागद, हजेरीपट, फीच्या पावत्या, स्कॉलरशिपचा फॉर्म, सगळ्याच्या झेरॉक्स द्या. कॉलेजने ताईंना पत्र पाठवून विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. ताई मला विचारतात, "सर, माझे कागद ते असे कुणालाही देऊ शकतात का? माझी काही प्रायव्हसी आहे की नाही?"

ताई, हा प्रश्न मला महिन्याला दोन-तीनदा तरी येतो, फक्त कपडे बदलून. कधी ठरलेल्या लग्नातल्या मुलाकडच्यांना मुलीचा निकाल बघायचा असतो, कधी वडलांना वीस वर्षांच्या पोराची हजेरी पाहिजे असते आणि कॉलेज देत नाही म्हणून ते चिडलेले असतात. प्रायव्हसी आहे, मूलभूत हक्क आहे, २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय, ते काही मी परत सांगत बसत नाही, रील बघून ते तुम्हाला माझ्याइतकंच पाठ झालेलं आहे. तुमच्या पानभर मेलमध्ये कामाची ओळ एकच आहे आणि ती तुम्ही शेवटून दुसरी लिहिलीय: "पत्र १२ तारखेलाच आलं होतं, आईने सही करून घेतलं, पण गड्ड्याची गडबड, घरात पाहुणे, फीचं काहीतरी असेल म्हणून मी टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवलं आणि २६ ला उघडलं."

अहो, पाहुणे काय पंधरा दिवस होते का? सोलापूरच्या माणसाने सोलापूरच्या माणसाला गड्ड्याचं कारण सांगायचं म्हणजे समोरचा गप्प बसतो हे मला माहितीय, मी स्वतः नंदीध्वजांच्या मागे चालणारा माणूस आहे, पण माहिती अधिकार कायद्याला गड्डा कळत नाही.

आता नीट वाचा. कायद्याचं कलम ११. दुसऱ्या कुणाची माहिती मागणारा अर्ज आला, आणि ती माहिती त्या माणसाने गोपनीय मानलेली असली, तर जन माहिती अधिकाऱ्याने पाच दिवसांत त्या माणसाला, म्हणजे त्रयस्थ पक्षाला, लेखी नोटीस द्यायची. तुमच्या पत्रावर अर्ज ५ जानेवारीला आला असं लिहिलंय आणि पत्र ९ तारखेचं आहे, म्हणजे कॉलेजने वेळेत काम केलं, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. मग त्रयस्थ पक्षाला म्हणणं मांडायला दहा दिवस, आणि ते मोजायचे नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून. तुम्ही विचारलंय, मी उघडलं २६ ला, मग तिथून धरता येणार नाही का? नाही. स्पीड पोस्टने आलंय, घरच्या माणसाने सही करून घेतलंय, पोस्टाच्या ट्रॅकिंगवर १२ तारीख दिसतेय. दहा दिवस २२ जानेवारीला संपले. तुम्ही मला मेल केला २७ ला.

तरी काम संपलेलं नाही, आणि इथेच बहुतेक लोक हातपाय गाळून बसतात. दहा दिवस गेले म्हणजे कॉलेजने कागद द्यायलाच पाहिजेत असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. अधिकाऱ्याला निर्णय घ्यायला अर्ज आल्यापासून चाळीस दिवस असतात, म्हणजे १४ फेब्रुवारीपर्यंत, आणि निर्णय घेताना तुमचं म्हणणं लक्षात घ्यायचं असं कायदाच सांगतो. फाइल अजून उघडी असेल तर उशिरा आलेला कागदही फाइलीत बसतो. तो बघायचा की उशिराचा म्हणून बाजूला ठेवायचा हे अधिकारी ठरवणार, मी खात्री देत नाही, पण माझ्या अनुभवात कॉलेजचे अधिकारी असल्या भानगडीत पडायला नाखूशच असतात आणि नाही म्हणायला एक कागद हातात मिळाला तर त्यांना बरंच वाटतं. म्हणून हे वाचून झालं की उद्या सकाळी अकरा वाजता कॉलेजला जा. मेल करून गप्प बसू नका. दोन प्रती न्या, एक आवकला द्या, दुसऱ्यावर शिक्का, सही, तारीख आणि आवक नंबर घ्या. पहिला प्रश्न हाच विचारा की माहिती दिली का अजून. दिली नसेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

हरकत घेताना एक नवीन गोष्ट तुमच्या बाजूने झालीय. माहिती केव्हा नाकारता येते ते सांगणाऱ्या कलम ८ च्या पोटकलम १ मधला खंड 'ञ', इंग्रजीत जे. पूर्वी तिथे लांबलचक वाक्य होतं, माहिती वैयक्तिक असली पाहिजे, सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसला पाहिजे किंवा उघड केल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असलं पाहिजे, त्यातही व्यापक जनहित असेल तर द्यायची. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने ते वाक्य छाटलं आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. आता तिथे वैयक्तिक माहिती एवढंच उरलंय. मला ही दुरुस्ती आवडलेली नाही, कारण याच दोन शब्दांच्या आड उद्या एखादा साहेब स्वतःची भानगड झाकणार आहे, पण तुमच्या केसमध्ये ती तुमची ढाल आहे तर ती वापरा. कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित नुकसानापेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. मामेसासऱ्यांच्या अर्जात जनहित शोधायला भिंग लागेल. अर्ज का केला हे मात्र त्यांना विचारता येत नाही, कारण सांगायचं बंधन कायद्याने अर्जदारावर ठेवलेलंच नाही, तेव्हा "यांनी सूडबुद्धीने अर्ज केला" यावर पान खर्च करू नका.

त्यापेक्षा एकेक कागद घेऊन लिहा. प्रवेश अर्जात आधार नंबर, मोबाइल, राहता पत्ता, जात, घरचं उत्पन्न. स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्ये बँकेचं खातं. आणि हजेरीपट, तो लोकांना किरकोळ वाटतो, पण बाई आठवड्यातल्या कुठल्या दिवशी किती वाजता कुठल्या इमारतीत असते हे त्यावरून कळतं. तुम्ही मेलमध्ये सहज लिहिलंय की नवरा एकदा कॉलेजच्या गेटवर आला होता. हे सहज लिहायचं असतं का? जिवाला किंवा शारीरिक सुरक्षिततेला धोका होईल अशी माहिती नाकारायला वेगळा खंड आहे, ८(१)(छ), इंग्रजीत जी. पोलिसात तक्रार दिली असेल किंवा घरगुती हिंसाचाराचा अर्ज असेल तर त्याची झेरॉक्स लावा. नसेल तर झालं ते तारखेसकट दोन ओळीत लिहा, वाढवून नको.

कॉलेज अनुदानित आहे, सरकारी नाही, म्हणून आम्हाला हा कायदा लागू नाही असं कुणी तिथे म्हणालं तर ऐकून सोडून द्या. सरकारच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी कॉलेजं माहिती अधिकारात येतात हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आणि तुम्हालाही ते सोयीचंच आहे, कारण कायदा लागू आहे म्हणून तर तुम्हाला नोटीस आली. नाहीतर क्लार्कच्या ओळखीने झेरॉक्स गेली असती आणि तुम्हाला कळलंही नसतं.

आता दुसरी तारीख, आणि ही पहिल्यापेक्षा जास्त घातक आहे. अधिकाऱ्याने माहिती द्यायचं ठरवलं तर तसं तुम्हाला लेखी कळवायचं आणि तुम्हाला अपील करता येतं हेही त्यातच लिहायचं. ते अपील कलम १९(२) खाली, तीस दिवसांत. पण हे तीस दिवस मोजायचे आदेशाच्या तारखेपासून, पत्र तुमच्या हातात पडल्यापासून नाही. शिवाय उशीर माफ करायची सोय कायद्याने १९(१) ला जोडलीय, म्हणजे ज्याला माहिती नाकारली त्याच्या अपिलाला. त्रयस्थ पक्षाच्या १९(२) मध्ये ती ओळ नाही. कुणी वकील म्हणेल ती तिथेही वाचता येते, युक्तिवाद मीही करीन, पण तुमचे कागद त्या युक्तिवादावर टांगून ठेवायची हौस मला नाही. समजा आदेश १३ फेब्रुवारीचा निघाला तर तीस दिवस १५ मार्चला भरतात, तो रविवार, आदला दिवस शनिवार, म्हणजे तुमच्यासाठी शेवटचा दिवस शुक्रवार १३ मार्च. अपील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, बहुतेक कॉलेजात ते प्राचार्यच असतात, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तिथे हरलात तर दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, आणि त्याचा नंबर लागेपर्यंत तुमची एमए होऊन निकालही लागलेला असेल, म्हणून लढाई काय ती कॉलेजच्या पायरीवरच जिंकायची.

आणि उद्या आवकला गेल्यावर कळलं की झेरॉक्स आधीच गेल्या, तर? चाळीस दिवसांच्या आत, तुम्हाला निर्णय न कळवता दिल्या असतील तर कॉलेज चुकलं, ते लेखी मागा आणि मग मला सांगा. हायकोर्टात रिट याचिका करता येते, आणि आता सोलापूरच्या रिटसाठी मुंबईला जावं लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूरचं बेंच आहे. करावी का हे कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही. पण गेलेले कागद पोटगीच्या केसमध्ये आले तर कोर्ट ते बघणारच नाही या भ्रमात राहू नका. केस कौटुंबिक न्यायालयात असेल तर कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १४ पुराव्याचे नियम बरेच सैल करतं, आणि जुलै २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणंसुद्धा अशा केसमध्ये पुरावा म्हणून चालेल असं म्हटलंय.

यावरून एक. तुम्ही शेवटी लिहिलंय, "कोर्टातल्या शपथपत्रात मी कॉलेजचं लिहिलेलं नाही, ते कळलं नाही म्हणजे बरं." इथे मी तुमच्या बाजूने नाही. २०२० पासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, शिक्षण सगळं शपथेवर सांगायचं असतं. मामेसासऱ्यांपासून लपवणं हा तुमचा हक्क, जज्जसाहेबांपासून लपवणं हा नाही. तुमच्या वकिलांना आजच सांगा आणि जादा शपथपत्र द्यायला लावा. शिकताय म्हणून पोटगी जात नाही, कमवू शकणं आणि प्रत्यक्ष कमावणं वेगळं असं सुप्रीम कोर्टानेच म्हटलेलं आहे, रक्कम किती हे मात्र बाकीच्या गोष्टींवर. लपवलेलं उघडं पडलं तर मात्र तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. समोरच्या बाजूला कॉलेजचे कागद हवेच असतील तर त्यांनी कोर्टाकडून मागवावेत, तिथे तुमचे वकील हजर असतील आणि काय द्यायचं, काय झाकायचं हे कोर्ट ठरवेल.

डेटा कायदा मोडला तर अडीचशे कोटींचा दंड, हे भावाने पाठवलेल्या रीलमधलं विसरा. डेटा कायद्यातली कॉलेजवरची बंधनं आणि तुमचे हक्क मे २०२७ च्या सुमारास लागू होणार आहेत, आज त्या कलमाखाली नोटीस दिली तर कॉलेजचा वकील हसेल.

आणि फेब्रुवारीत तुम्ही महिनाभर बहिणीकडे बार्शीला जाणार म्हणताय. मग हरकतीच्या खाली बार्शीचा पत्ता आणि तुमचा ईमेल घाला, निर्णय दोन्हीकडे कळवावा असं लिहा, आणि आईला सांगून ठेवा, कॉलेजचं पाकीट आलं की लगेच उघडून आदेशावरच्या तारखेचा फोटो तुम्हाला पाठवायचा.